वर्गणीदारांचा महाराष्ट्र
(नियतकालिकांचे संपादक, मुद्रक आणि वाचक यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षीय भाषणाची सुरुवात ‘मी या पदाला पात्र नाही’ अशी करायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळत नाही. निवड तुम्ही केलीत, तेव्हा निस्तरायचंही तुम्हीच. भाषण छापून तुमच्या हातात दिलेलं आहे. कंटाळा आला तर खुशाल दोन पानं उलटून पुढं जा. इथून मला ते दिसेल, पण मी मनाला लावून घेणार नाही. मासिकाच्या संपादकाला तेवढी सवय असते.

मेळाव्याला जागा मात्र तुम्ही अचूक निवडलीत. या पलूस तालुक्यात ऊस पिकतो, द्राक्षं पिकतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. औदुंबरला संक्रांतीच्या दिवशी भरणाऱ्या साहित्य संमेलनाचाही लौकिक आहे. मला इथं यायची ओढ होती ती किर्लोस्करवाडीमुळे. औंध संस्थानातल्या एका माळावर, कुंडल रोड नावाच्या आडस्टेशनाजवळ, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. नांगर करणाऱ्या कारखान्याला मासिक कशाला हवं होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

लोखंडी नांगरानं जमीन नासते असं छातीठोक सांगणारी माणसं त्या काळात गावोगावी होती. माल तयार करणं हे एक काम, आणि तो माल घेईल असा माणूस तयार करणं हे दुसरं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते गिऱ्हाइकांना आणि एजंटांना कारखान्याची खबरबात कळावी म्हणून. आजच्या बाजारी भाषेत ते जाहिरातपत्रकच. पण नांगराची माहिती देता देता हे पत्रक माणसं नांगरायला लागलं. उद्योग कसा करावा, व्यायाम का करावा, शिवाशीव कशी खुळी आहे, मुंजी-लग्नांवर उधळपट्टी कशाला, असे विषय त्यात येऊ लागले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले ते याच ‘किर्लोस्कर’नं. १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. स्टेशन, पोस्ट आणि कारखान्याची वसाहत यापलीकडे काही नसलेल्या या माळावरून तीन मासिकं महाराष्ट्रभर जात होती, आणि ती उघडली की घराघरांत वाद पेटत होते. सासूबाईंना ‘स्त्री’ नको असायची, सुनेला हवी असायची, आणि ती चोरून वाचताना सासूबाईच सापडायच्या, असे किस्से तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्राचा अभिमान हा अलीकडे बराच सोपा कार्यक्रम झालेला आहे. फेटा बांधला, मोटारसायकलला झेंडा लावला, १ मेला चौकात गाणं वाजवलं की भागतं. मी टिंगल करत नाही. फेटा तुम्ही मलाही बांधलाय आणि तो मला आवडलाय. गडकिल्ले, वारी, शिवराय, संत यांच्यापुढं मान आपोआप लवते, त्यासाठी कुणी भाषण करायची गरज नाही. माझा स्वतःचा अभिमान मात्र कागदी आहे. तो पिना मारलेल्या, कडा दुमडलेल्या, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल उमटलेल्या अंकांचा आहे. आणि त्यात एक गंमत आहे. ज्या ज्या नियतकालिकाचा मला अभिमान वाटतो, त्यातल्या जवळपास प्रत्येकानं आपापल्या काळच्या महाराष्ट्राची खरडपट्टी काढलेली आहे.

अगदी सुरुवातीपासून बघा. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. एका बाजूला मराठी, शेजारी इंग्रजी. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा हा माणूस १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढतो, त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान सांगतो, आणि १८४६ साली जातो तेव्हा चाळिशीलाही पोचलेला नसतो. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची शतपत्रं येऊ लागली. सरदार घराण्यातला, सरकारी नोकरीतला एक ब्राह्मण पुण्याच्या ब्राह्मणांना आठवड्याच्या आठवड्याला फटके देत होता आणि पुण्याचे ब्राह्मण ते वाचत होते. मग १८७४ साली विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ आली. त्यांनी लोकहितवादींवर झोड उठवली, जोतीरावांवरही उठवली. आज ते लेखन वाचताना अनेक ठिकाणी मला राग येतो. ८४ अंक, आणि त्यातलं बहुतेक सगळं एकहाती लिहिलेलं. राग येतो आणि वाचूनही होतं, हीच त्या गद्याची पंचाईत आहे. तिकडं १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढून बहुजनांची बाजू छापायला सुरुवात केलेली होतीच. दोन्ही कागद त्याच पुण्यात निघत होते. ते एकमेकांना मानत नव्हते, पण एकमेकांना वाचत होते.

आपण हा इतिहास संमेलनांत सांगतो तेव्हा तो सलग प्रवासासारखा सांगतो. एकाकडून दुसऱ्याकडं मशाल गेली वगैरे. मशाल कुणी कुणाच्या हातात दिलेली नाही. प्रत्येक नवं नियतकालिक हे आधीच्यात आपल्याला जागा नाही म्हणून निघालेलं आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं ते कशासाठी? तेव्हाच्या नामवंत पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नाला रकाना मिळत नव्हता म्हणून. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढं १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढल्यावर बाबासाहेबांना अंकाचे २४ रकाने एकट्यानं भरून काढावे लागत. परदेशी पदव्या मिळवलेला बॅरिस्टर, महाडचा सत्याग्रह चाललेला, आणि रात्री बसून रकाने भरायचे. १९२९ साली ते बंद पडलं, त्याला पैशाची ओढ हे एक मोठं कारण होतं. मराठी माणसाची पत्रं विचारांअभावी बंद पडली असं क्वचितच घडलं. ती वर्गणीअभावी बंद पडली.

त्याच १९२७ च्या जुलैत र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, विवेक. नोकरी आधीच गेलेली. लेखन त्यांचं, संपादन त्यांचं, वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरंही त्यांचीच. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि खटला हरले. कर्व्यांनी अंक काढणं थांबवलं नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते गेले, तोपर्यंत २६ वर्षं ते मासिक चाललं. या माणसाला त्या काळच्या महाराष्ट्रानं फार छळलं. पण मला नेहमी दुसराच विचार पडतो. २६ वर्षं त्या मासिकाची वर्गणी कोण भरत होतं? कुठल्या तरी तालुक्याच्या गावी कुणी मास्तर, कुणी रेल्वेतला कारकून, कुणी डॉक्टर असेल. शेजाऱ्यापासून लपवून का होईना, पण पैसे आधी भरून तो अंक मागवत होता. कर्व्यांचा पुतळा आज ना उद्या कुठं तरी उभा राहील. या वर्गणीदाराचा कोण उभारणार?

माझ्या अभिमानाचा माणूस हा आहे. वर्षाचे पैसे आगाऊ भरून जो स्वतःच्या जातीला, घराला, राज्याला, पक्षाला चार शब्द सुनावून घेतो, असा वाचक ज्या प्रदेशात जवळजवळ दोनशे वर्षं टिकला, तो माझा महाराष्ट्र.

तो १९६० साली नकाशावर आला. स्वातंत्र्याआधी विदर्भ मध्य प्रांतात होता, मराठवाडा निजामाकडं, मधे ठिकठिकाणी संस्थानं. आपण आत्ता बसलोय तीही जागा संस्थानातली. पण मासिकांच्या वर्गणीदारांच्या वह्यांत हे सगळे एकाच वहीत होते. किंबहुना त्या वहीत महाराष्ट्राबाहेरचेही होते. १८८६ साली कृष्णाजी नारायण आठल्ये यांचं ‘केरळकोकिळ’ निघालं ते कोचीनहून. पु. आ. चित्र्यांनी ‘अभिरुची’ काढलं बडोद्यात, १९४३ साली, आणि मराठीतल्या नव्या लेखकांना तिकडं दार उघडून दिलं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी ‘एकता’ चालवलं. लांब गेलेल्या माणसाला अंकाची ओढ जास्त असते, हे टपालाचा खर्च भरणाऱ्या प्रत्येक संपादकाला माहीत आहे.

टपालाचा विषय निघालाच आहे, तर अंक टाकायच्या दिवसाबद्दल थोडं बोलू द्या. साहित्यसंमेलनांत यावर कुणी बोलत नाही आणि आपलं निम्मं आयुष्य त्यात गेलेलं असतं. आमचं मासिक लहान गावातलं. अंक बांधणीवाल्याकडून सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत यायचा, तेव्हा शाई बोटांना लागायची. आदल्या रात्री मैद्याची खळ करून ठेवायची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. बदामी कागदाच्या पट्ट्या कापायच्या, त्यावर पत्ते. रॅपर दोन्ही बाजूंनी उघडं राहिलं पाहिजे, नाही तर पोस्टातला माणूस परत पाठवतो. आणि मग पिनकोडप्रमाणे ढीग लावायचे. महाराष्ट्राचा भूगोल मी शाळेत शिकलो नाही, या ढिगांवर शिकलो. ४१६ म्हणजे आपण, कोल्हापूर आणि खाली सिंधुदुर्गापर्यंत. ४२५ म्हणजे जळगावपासून वर नंदुरबार. ४३१ म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, परभणी, नांदेड. ४४२ म्हणजे वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली. ४४२ चा ढीग नेहमी बारीक असायचा, पण त्या ढिगातला अंक मिळाला नाही की कार्ड हमखास यायचं. मुंबईचा ढीग सगळ्यांत मोठा आणि मुंबईकर अंक न मिळाल्याचं कधी कळवायचेच नाहीत. त्यावरून काय तो निष्कर्ष तुम्ही काढा.

आमचे एक वर्गणीदार होते, निवृत्त शिक्षक. दर महिन्याला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. त्यात मजकुरावर एक अक्षर नसायचं. फक्त पान, ओळ आणि शुद्धलेखनाची चूक. ‘पृ. १७, आशीर्वादमधला रफार चुकीच्या अक्षरावर.’ शेवटी सही, आणि सहीखाली ‘आपला नम्र वर्गणीदार’. वर्षातून एकदा कार्डाऐवजी मनीऑर्डर यायची आणि तिच्या संदेशाच्या जागेतही दोन चुका लिहिलेल्या असायच्या. एवढा छळवाद मी दुसऱ्या कुणाकडून सोसला नाही, आणि एवढा भरवसाही दुसऱ्या कुणाचा वाटला नाही.

आता काही जणांना न रुचणारं बोलतो. दिवाळी अंकांबद्दल. का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात एक पदार्थ वाढला. जगात दुसरीकडं सणाला मासिकं विकत घेतात की नाही हे मला ठाऊक नाही. आपल्याकडं घेतात याचा मला आनंद आहे. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मधली खिडकीचित्रं कोण विसरेल? वरच्या पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारं काहीतरी भलतंच सूचक, आणि पान उलटावं तर आत बिचारी बाई पापड लाटत असायची. अंक सलूनमध्ये पडलेला असायचा आणि नंबर आला तरी गिऱ्हाईक उठायचं नाही. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना अजूनही चालतात. एकदा पैसे भरा आणि दोन-तीन महिने आलटूनपालटून अंक न्या.

तरीही मला असं दिसतं की दिवाळी अंकानं बाराही महिन्यांचं मासिक खाल्लं. वर्षाला शेकड्यांनी दिवाळी अंक निघतात. त्यातले किती जण उरलेले अकरा महिने काही काढतात? जो लेखक दिवाळीला पंधरा अंकांत लिहितो तो फेब्रुवारीत कुठंच लिहीत नाही, कारण फेब्रुवारीत छापायला कोणी नाही. वाद मासिकात होतो. या महिन्यात लेख, पुढच्या महिन्यात त्यावर प्रतिक्रिया, त्याच्या पुढच्या महिन्यात प्रतिक्रियेचा समाचार. दिवाळी अंकात काहीही छापा, त्यावर उत्तर छापायला थेट पुढची दिवाळी. तोवर कोण कशाला भांडतंय? दिवाळी अंक हा फार देखणा असतो आणि त्यात कुणी कुणाशी भांडत नाही, म्हणूनच तो जाहिरातदारांना आवडतो.

जाहिरातीचंही बोलून घेऊ. आपल्या भागात कारखाने आहेत, दूध संघ आहेत, पतसंस्था आहेत, सूतगिरण्या आहेत. दिवाळी आली की आपण त्यांच्याकडं सदिच्छा जाहिरात मागायला जातो. रंगीत पान, वर दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, मधे चेअरमनसाहेबांचा फोटो, खाली संचालक मंडळ, कार्यकारी संचालक आणि शेवटी ‘सर्व सभासद व कर्मचारी’. मीही गेलोय. चहा पिऊन, अर्धा तास बसून, चेक घेऊन आलोय. सहकारानं मराठी नियतकालिकांना जगवलं हे प्रांजळपणे मान्य केलं पाहिजे. पण ज्याचा फोटो मलपृष्ठावर आहे त्याच्या उसाच्या वजनकाट्याबद्दल आतल्या पानावर लिहिता येत नाही, हेही मान्य करू या. अंक चालवायला दोनच प्रकारचे पैसे असतात. एक वर्गणीदाराचे, एक दुसऱ्या कुणाचे. दुसऱ्याच्या पैशाला चेहरा असतो.

अंकावरून कुणी भांडेनासं झालंय, म्हणून १९६९ सालची गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या वर्षी गिरगावात राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’ जाळली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धनांची ‘सत्यकथा’. ज्यांच्याकडून साभार परत आलेल्या कथेसोबत कधी कधी कथेपेक्षा लांब पत्र यायचं, त्या संपादकांची. गाडगीळ, माडगूळकर, जी. ए. जिथं घडले ते मासिक. ते जाळणाऱ्या तरुणांचं म्हणणं होतं की या सोवळ्या चौकटीत आमचं जगणं बसत नाही. मी ‘सत्यकथा’वाला आहे, माझी वाचनाची इयत्ता तिच्यात झाली, तरी मला त्यांचं म्हणणं पटतं. त्याच काळात ‘शब्द’पासून सुरू झालेली लघुअनियतकालिकं निघत होती. ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’. नावंसुद्धा अशी की जुन्या संपादकांना ठसका लागावा. औरंगाबादला गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू केलं आणि दलित लेखकांच्या अख्ख्या पिढीला हक्काचं पान मिळालं. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाली. ‘अस्मितादर्श’ त्यानंतरही पानतावणे सरांनी कसं पोटाला चिमटा काढून चालवलं हे आपल्यातल्या अनेकांनी जवळून पाहिलंय.

माझा मुद्दा असा की मासिक जाळावंसं वाटायला आधी ते लोकांच्या जीवनात तेवढं असावं लागतं. इथं बसलेल्या संपादकांनो, आज आपला अंक जाळायला कुणी काडी तरी खर्च करील का?

‘साधना’चंही एक उदाहरण देतो, कारण ते सोप्या अभिमानाच्या बरोबर उलट्या टोकाचं आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला हे साप्ताहिक सुरू केलं. १९७२ चा १५ ऑगस्ट म्हणजे स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव, सगळीकडं रोषणाई. त्या दिवशी ‘साधना’नं अंक काढला तो दलितांच्या स्थितीवर. अनिल अवचटांनी तो सिद्ध केला होता आणि त्यात राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख होता. महाराष्ट्र हादरला. लोक चिडले, मोर्चे निघाले, बाजूनं आणि विरुद्ध पानंच्या पानं छापली गेली. गुरुजींच्या नावाचं, मवाळ समजलं जाणारं साप्ताहिक. सणाच्या दिवशी घरात कडू बोलायला धार्ष्ट्य लागतं. तीन वर्षांनी आणीबाणी आली. आपल्या शेजारच्या कऱ्हाडला १९७५ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि दुर्गाबाईंनी भर मंडपात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. अध्यक्षीय खुर्चीत बसताना मला ती खुर्ची आठवते आणि जरा अवघडल्यासारखं होतं.

आजच्यापुरतं बोलायचं तर कागद महागला, पोस्ट महागलं. टपालाच्या वृत्तपत्री सवलतीला जुन्या कायद्यापासून ३१ दिवसांची अट आहे. त्यापेक्षा जास्त अंतरानं निघणाऱ्यांना ती लागू नाही. म्हणजे कवितेला, समीक्षेला वाहिलेली आपली बहुतेक त्रैमासिकं आणि द्वैमासिकं बाहेर. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्यानं छापील पुस्तकांची नोंदणीकृत स्वस्त सेवाही बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता. पेढे वाटले, मीही खाल्ले. अभिजात भाषेतली चौसष्ट पानं सांगलीहून गोंदियाला न्यायला परवडेनासं व्हावं, याचा हिशेब कुणीतरी दिल्लीला विचारला पाहिजे. या मेळाव्याच्या ठरावात तो विषय यावा असं मी सुचवतो, आणि ठराव अंकात छापून गप्प न बसता आपल्या खासदारांच्या हातात नेऊन द्यावा.

मोबाईलवर अंक वाचला जातो, त्याची मला भीती वाटत नाही. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं संगणकावर खुले केले तेव्हा मी पहिल्यांदा एक जुना अंक उघडला आणि संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडं उशिरा झाला. मला खटकतं ते फुकट. अंक निघायच्या दिवशी त्याची पीडीएफ पन्नास गटांत फिरते आणि फिरवणारा वर आपल्यालाच सांगतो, ‘तुमचा प्रचार करतोय.’ अशा वाचकाला आवडलं नाही तर तो बोटानं पुढं ढकलतो. वर्गणी भरलेला वाचक पत्र लिहितो. फरक तेवढाच आहे, पण संपादकाला तो पुरतो.

आणि जुने अंक. शंकर गणेश दात्यांनी सहकाऱ्यांबरोबर मराठी नियतकालिकांची सूची केली. आयुष्य ग्रंथालयं आणि रद्दीची दुकानं धुंडाळण्यात घातलेला माणूस. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, मासिकाच्या अंकाची कधीच निघत नाही. रद्दीत गेला तो गेला. आपल्या राज्यात १९६७ च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांचं एवढं मोठं जाळं विणलं गेलं, पण अनुदानाच्या तपासणीत मोजतात ती पुस्तकं. बांधीव मासिकांच्या खंडांना जागा अडते म्हणून ते आधी जिन्याखाली जातात, मग पावसात, मग किलोवर. आपापल्या तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जिन्याखाली काय आहे ते येत्या महिन्यात प्रत्येकानं बघून यावं. यादी करावी. शक्य असेल तिथं फोटो काढून ठेवावेत. ‘बालबोध’चा, ‘विविधज्ञानविस्तारा’चा एखादा खंड हाती लागला तर मला लगेच कळवा, मी रिक्षा करून येतो.

बराच वेळ घेतला. दुपारच्या सत्रात तरुण संपादकांचा परिसंवाद आहे, तो ऐकायला मी पुढं बसणार आहे. जेवणाच्या मंडपात आलेल्या सगळ्या नियतकालिकांची टेबलं मांडलेली आहेत. प्रत्येक टेबलावर पावतीपुस्तक आहे, फोनवरून पैसे भरायची सोयही आहे, तेव्हा सुटे नाहीत ही सबब चालायची नाही. सकाळी आल्या आल्या मी एका पाक्षिकाची वर्षाची वर्गणी भरली. त्याच्या संपादकांचं आणि माझं आजवर एकाही मुद्द्यावर जमलेलं नाही. ते तिसऱ्या रांगेत बसलेत आणि मघापासून वहीत काहीतरी टिपून घेतायत. पुढच्या अंकात या भाषणाचं काय होणार आहे याची मला कल्पना आहे. माझा पत्ता त्यांच्याकडं नीट लिहून दिलेला आहे, पिनकोडसकट.